हिवाळ्यात एसीच्या आउटडोअर युनिटला प्लास्टिक गुंडाळताय? थांबा!

पुण्यात दिवाळीनंतर एसीचा रिमोट ड्रॉवरमध्ये जातो, तो होळीच्या आसपासच बाहेर येतो. या काळात आमच्या सोसायटीत बऱ्याच आउटडोअर युनिट्सना प्लास्टिक किंवा जुनी ताडपत्री गुंडाळलेली दिसते. हेतू चांगला, पण माझ्या मते यात नुकसानच जास्त आहे.

आउटडोअर युनिट ऊन-पाऊस सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. जुलैचा पाऊस झेललेल्या मशीनला डिसेंबरच्या थंडीचं काय? उलट प्लास्टिक घट्ट बांधलं की आतली ओल बाहेर पडत नाही. पहाटे तिचंच पाणी होऊन पत्र्यावर बसतं आणि गंज धरतो. उंदरांना आयता आडोसा मिळतो, मग ते वायर कुरतडतात. सगळ्यात वाईट म्हणजे फेब्रुवारीतल्या एखाद्या गरम दुपारी घरातलं कुणीतरी कव्हर न काढताच एसी लावतं. खोलीतली उष्णता बाहेर फेकणं हे या युनिटचं काम. हवाच कोंडली तर गॅसचं प्रेशर वाढतं, कंप्रेसर तापतो आणि ट्रिप होतो. वारंवार असं झालं तर जळूही शकतो, आणि एसीमधल्या सर्वात महागड्या पार्ट्सपैकी तो एक.

झाकायचंच असेल तर फक्त वरची बाजू झाका, चारही बाजू मोकळ्या ठेवा. तुमचा एसी ‘हॉट अँड कोल्ड’ असेल आणि हिवाळ्यात हीटिंगला वापरत असाल, तर काहीच घालू नका.

त्यापेक्षा एमसीबी बंद करा. रिमोटने बंद केलेला एसी स्टँडबायवर थोडी वीज घेतच राहतो. मग युनिटच्या मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दिसतात, म्हणजे फिन्स, त्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा आणि साध्या पाइपने हलकं पाणी मारा. गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर नको, फिन्स वाकतात. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेमुळे हे जरा जास्त वेळा करावं लागतं. झाकण मात्र उघडू नका. वीज बंद असली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. आणि युनिट खिडकीबाहेर हात पोचणार नाही अशा जागी असेल, तर छज्जावर उतरायची हिरोगिरी अजिबात नको. टेक्निशियनला बोलवा.

कबुतरांचं काय? पहिल्या चार काड्या दिसल्या की लगेच काढा. एकदा अंडी घातली की तुमचाच हात धजणार नाही. जाळी लावणार असाल तर युनिटला चिकटवून नको, हवेला जागा ठेवा.

मार्चमध्ये सर्व्हिसिंगला आलेला माणूस बहुतेक वेळा म्हणतो, “गॅस कमी झालाय, भरावा लागेल.” एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद पाइपांमध्ये फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. “आधी लीक दाखवा, मग भरा,” एवढं म्हणून बघा.