मलय आणि चिनी समाज : उत्पन्नातील अंतर नेमके कशाचे?

मलाया द्वीपकल्पातील मलय कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १९७० साली १७२ रिंगिट, म्हणजे तेव्हाचे मलेशियन डॉलर, होते व चिनी कुटुंबाचे ३९४ होते. एका समाजाचे उत्पन्न दुसऱ्याच्या सव्वादोन पटींहून अधिक. हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूर येथे उसळलेल्या दंगलीच्या जखमा ताज्या होत्या. सरकारी मोजणीनुसार तीत १९६ माणसे मारली गेली. संसद स्थगित झाली, आणि त्यानंतर जे आर्थिक धोरण आखले गेले त्याच्या पायाशी हेच गुणोत्तर ठेवले गेले. एखाद्या सरासरीवर इतका भार क्वचितच पडला असेल. ती सरासरी नेमके काय मोजते, हा प्रश्न म्हणूनच केवळ संख्याशास्त्राचा राहत नाही.

या अंतराचे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत दीर्घायुषी ठरलेले, स्पष्टीकरण स्वभावाचे होय : चिनी माणूस कष्टाळू व काटकसरी, मलय माणूस सुखासीन व अल्पसंतुष्ट. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लिखाणात हे मत जागोजाग आढळते. आश्चर्य असे की, मलय राष्ट्रवादानेही त्याचा काही भाग स्वीकारला. पुढे दोनदा पंतप्रधान झालेल्या महाथीर मोहम्मद यांनी १९७० साली लिहिलेल्या ‘द मले डिलेमा’ या ग्रंथात मलयांच्या मागासलेपणाची कारणे आनुवंशिकता व परिसर यांत शोधली, आणि त्यांवरून संरक्षणाचा हक्क सिद्ध केला. त्या ग्रंथावर देशात अनेक वर्षे बंदी होती. सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ सालच्या ‘द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह’ या ग्रंथात या कल्पनेचे मूळच उघडे केले. मळेवाल्यांना हव्या त्या मजुरीवर व हव्या त्या अटींवर राबावयास मलय शेतकरी तयार नव्हता, कारण त्याच्यापाशी स्वतःची जमीन होती. हा नकार म्हणजेच ‘आळस’ असे नाव पडले. अलातास यांचा युक्तिवाद मान्य करावयाचा, तर अंतराचे कारण स्वभावात न शोधता दोन्ही समाज वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत कोठे उभे होते, तेथे शोधले पाहिजे.

कथिलाच्या खाणी पश्चिम किनाऱ्यावर होत्या. १८४० नंतर पेराकमधील लारूत व पुढे सेलांगोर या भागांत दक्षिण चीनमधून मजुरांचे तांडे आले. त्यांच्यामागोमाग दुकानदार, सावकार, अफूचे मक्तेदार आले. गावकी आणि बोलीभाषा यांच्या नात्याने बांधलेल्या सभा आल्या. ज्याला कोणी ओळखत नाही अशा परमुलखात पत मिळवून देण्याचे काम या सभांनी केले. आलेल्यांपैकी किती खाणीतच मेले आणि किती रित्या हाताने परतले, याचा हिशेब मागे राहिलेल्यांच्या सरासरीत येत नाही. रेल्वे, बंदरे, इंग्रजी शाळा ही सर्व याच पट्ट्यात उभी राहिली. केडा, पर्लिस, केलांतान व त्रेंगानू ही मलयबहुल राज्ये १९०९ पर्यंत सयामच्या अधिसत्तेखाली होती, आणि भांडवलाचा ओघ त्यांच्याकडे फारसा वळला नाही. १९७० च्या शिरगणतीत द्वीपकल्पातील मलयांपैकी सुमारे १५ टक्के नागरी भागात राहत होते, चिन्यांपैकी सुमारे ४७ टक्के. समाजासमाजांतील अंतर म्हणून जे मांडले जाते, त्याचा एक मोठा भाग गाव आणि शहर यांतील अंतराचा आहे.

परंतु मलय शेतकरी गावात राहिला तो केवळ स्वेच्छेने नव्हे. त्याला तेथे राखण्याचे धोरण होते. १९१३ च्या राखीव जमिनींच्या कायद्याने मलयांची जमीन परक्यांना विकण्यास बंदी केली. जमीन टिकली हे खरे, पण जी जमीन थोड्याच लोकांना विकता येते तिच्यावर कर्जही थोडेच मिळते. रबराचे भाव चढू लागले तेव्हा मलय शेतकऱ्यांनी झपाट्याने रबराची लागवड केली. अल्पसंतुष्ट म्हणविल्या जाणाऱ्या माणसाने बाजाराला दिलेला हा प्रतिसाद मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. भाताचे उत्पादन घटेल या भीतीने सरकारने १९१७ साली भातशेतीची जमीन दुसऱ्या पिकाखाली नेण्यावर निर्बंध घातले. पुढे १९२२ ते १९२८ या काळातील स्टीव्हन्सन योजनेने रबराच्या निर्यातीवर मर्यादा घातली. तीत लहान बागाईतदारांच्या उत्पादनक्षमतेचा अंदाज मळ्यांच्या मानाने कमी धरला गेला. १९३४ नंतरच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणातही तेच झाले. पी. टी. बावर यांनी १९४८ सालच्या आपल्या रबरविषयक ग्रंथात या पक्षपाताची चिकित्सा केली आहे. सारांश, ज्या पिकात मलय शेतकरी युरोपीय मळ्यांशी स्पर्धा करू शकत होता, त्यात त्याचे हात बांधले गेले, आणि ज्यात किफायत नव्हती त्यात त्याला जखडून ठेवले गेले.

उंगकू अझीझ या मलय अर्थशास्त्रज्ञाने खेड्यातील दारिद्र्याचा विचार करताना आणखी एक बाजू दाखविली. शेतकरी ज्या दुकानदाराकडून उधारीवर माल घेई, त्यालाच पीक विकण्यास बांधला जाई. उभ्या पिकावर उचल देण्याची ‘पाडी कुंचा’ ही पद्धत त्याच जातीची होती. महाराष्ट्रातील सावकारी ज्याने अभ्यासली आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. भेद इतकाच की, तेथे कूळ बहुधा मलय आणि दुकानदार बहुधा चिनी, त्यामुळे वर्गाचे नाते वंशाच्या पोशाखात दिसे. याचा एक परिणाम तुलनेच्या पद्धतीवरही होतो. दोन समाजांची उत्पन्ने शर्यतीतील दोन स्वतंत्र धावपटूंच्या वेगांप्रमाणे मोजता येत नाहीत. एकाचे उत्पन्न काही अंशी दुसऱ्याशी होणाऱ्या व्यवहारातूनच ठरते. खेड्यातील तो दुकानदार स्वतःही शहरातील घाऊक व्यापाऱ्याचा ऋणको असे, हे मात्र विसरता कामा नये.

शिक्षणाने ही रचना पक्की केली. मलय खेड्यांत काही इयत्तांपुरत्या मातृभाषेच्या शाळा होत्या. कोळ्याचा मुलगा बापापेक्षा अधिक समजदार कोळी व्हावा, यापलीकडे त्यांचा हेतू नाही, असे १९२० साली सरकारी पातळीवर स्पष्टपणे सांगितले गेले होते. सरदार घराण्यांतील मुलांसाठी १९०५ पासून क्वाला कांग्सारचे महाविद्यालय होते. इंग्रजी शाळा शहरांत होत्या, आणि शहरांत चिनी होते.

चिनी समाज एकजात संपन्न होता अशी समजूत यावरून कोणी करून घेऊ नये. १९४८ ते १९६० च्या आणीबाणीच्या काळात कम्युनिस्ट बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून १९५० च्या ब्रिग्ज योजनेखाली सुमारे पाच लाख माणसांना काटेरी तारांच्या कुंपणाआडच्या ‘नव्या गावां’त हलविण्यात आले. त्यांतील बहुतेक जंगलाच्या कडेला भाजीपाला पिकविणारे चिनी होते. जमिनीचा पक्का हक्क नसलेली ही कुटुंबे एका रात्रीत आपल्या शेतांपासून तुटली. १९७० साली द्वीपकल्पातील सुमारे ६५ टक्के मलय कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, परंतु चिनी कुटुंबांपैकीही सुमारे २६ टक्के होती. सुधीर आनंद यांनी त्या काळच्या पाहणीचे पृथक्करण केले तेव्हा एकूण उत्पन्नविषमतेपैकी वंशावंशांतील अंतराने स्पष्ट होणारा भाग सुमारे एक-दशांशच निघाला. उरलेली सर्व विषमता त्या त्या समाजाच्या पोटातली होती. उद्या सर्व समाजांच्या सरासऱ्या समान केल्या तरी देशातील विषमता बव्हंशी जशीच्या तशी राहील, असा याचा अर्थ होतो. मात्र माणसे दंगल करतात ती विषमतेच्या पृथक्करणावर नव्हे. डोळ्यांना दिसणारे अंतर लहान असले तरी त्याची राजकीय शक्ती मोठी असू शकते, हे आनंद यांच्या निष्कर्षाने खोटे ठरत नाही.

मलय आणि चिनी या जोडीकडेच टक लावून पाहण्याने आणखी एक गोष्ट नजरेआड होते. १९७० साली कंपन्यांच्या भागभांडवलात मलयांचा वाटा २.४ टक्के होता, इतर मलेशियनांचा सुमारे ३४ टक्के, आणि परकीयांचा ६३ टक्क्यांहून अधिक. कथिलाच्या खाणींतसुद्धा १९३० च्या सुमारास युरोपीय कंपन्यांच्या यांत्रिक उत्खननाने चिनी खाणींना मागे टाकले होते. गल्लीतील चिनी दुकान डोळ्यांसमोर होते, लंडनमधील संचालक मंडळ नव्हते.

१९७१ पासून अमलात आलेल्या नव्या आर्थिक धोरणाची दोन उद्दिष्टे होती : वंशाचा विचार न करता दारिद्र्य नाहीसे करणे, आणि वंश व व्यवसाय यांची सांगड मोडणे. १९९० पर्यंत भागभांडवलाची वाटणी भूमिपुत्र ३०, इतर मलेशियन ४० व परकीय ३० टक्के अशी व्हावयाची होती. प्रत्यक्षात १९९० साली भूमिपुत्रांचा वाटा सुमारे १९ टक्के झाला, चिन्यांचा सुमारे ४५ टक्के, आणि परकीयांचा सुमारे २५ टक्क्यांवर आला. दोन्ही देशी समाजांचे वाटे एकाच वेळी वाढले, हे तिसऱ्याच्या वाट्यातून घडले. ७ सप्टेंबर १९८१ रोजी लंडनच्या शेअरबाजारात काही तासांत गथ्री ही जुनी मळेवाली कंपनी मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने ताब्यात घेतली, हा त्यातील सर्वांत नाट्यमय प्रसंग होय. दारिद्र्य वेगाने घटले. मात्र त्याचे सर्व श्रेय वंशाधारित तरतुदींना देता येत नाही. जमिनी देऊन वसाहती वसविणारी ‘फेल्डा’ १९५६ पासूनची होती, आणि खेड्यातील मुले कारखान्यांत जाऊ लागली ती निर्यातप्रधान उद्योगांमुळे. शिवाय धोरण सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, १९७४ च्या अखेरीस, केडामधील बालिंग येथे रबराचे भाव कोसळल्याने उपासमारीच्या विरोधात हजारो मलय शेतकरी रस्त्यावर उतरले होते.

चिनी व भूमिपुत्र यांच्या सरासरी कौटुंबिक उत्पन्नांचे गुणोत्तर १९९० साली सुमारे १.७ होते. २०१९ च्या पाहणीत ही उत्पन्ने अनुक्रमे ९,८९५ व ७,०९३ रिंगिट आढळली, म्हणजे गुणोत्तर १.४ वर आले. येथे विद्यार्थ्याने दोन ठिकाणी सावध राहावे. १९७० चा आकडा द्वीपकल्पातील मलयांचा आहे, नंतरचा संपूर्ण देशातील भूमिपुत्रांचा. आणि ‘भूमिपुत्र’ या संज्ञेत सबाह व सारावाक येथील इबान, कादाझान इत्यादी जमातीही येतात. (संस्कृतातून मलय भाषेत गेलेला हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, पण तेथे त्याला शासकीय वर्गवारीचा नेमका अर्थ आहे.) दुसरे असे की, मलय कुटुंब चिनी कुटुंबापेक्षा मोठे असते, त्यामुळे दरडोई अंतर कौटुंबिक अंतरापेक्षा अधिक भरते. भागभांडवलाच्या आकड्यांचा वाद तर याहून तीव्र आहे. सरकार भागांची दर्शनी किंमत धरते. २००६ साली एका खाजगी संशोधन संस्थेने बाजारभाव धरून व सरकारी कंपन्यांचा समावेश करून भूमिपुत्रांचा वाटा ४५ टक्के काढला, तेव्हा गदारोळ होऊन अहवाल मागे घेतला गेला व त्याच्या प्रमुख संशोधकाने राजीनामा दिला. ३० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले की सवलती संपवाव्या लागतील, हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे मोजण्याच्या रीतीलाच राजकीय मोल आले होते.

व्यवसाय आणि वंश यांची जुनी सांगड मोडली, पण तिच्या जागी नवी घडली. राखीव जागांमुळे विद्यापीठांतून मलय पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडले व बव्हंशी सरकारी सेवेत गेले. खाजगी क्षेत्रात चिन्यांचे प्राबल्य राहिले. ली ह्वॉक आन व मुहम्मद अब्दुल खालिद या संशोधकांनी हिशेबनीस व अभियंता यांच्या जागांसाठी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे पाठविले. तुल्य पात्रतेच्या चिनी अर्जदारांना मुलाखतीची बोलावणी मलय अर्जदारांच्या पाचपटींहून अधिक मिळाली. सरकारी दारावर एका समाजाची अडवणूक आणि खाजगी दारावर दुसऱ्याची, अशी ही स्थिती आहे.

येथवर केलेल्या विवेचनाला अडचणीत टाकणारे एक उदाहरण शेजारीच आहे. १९६५ साली वेगळ्या झालेल्या सिंगापुरात भातशेती नाही, मागास खेडी नाहीत, मलयांसाठी व्यापक राखीव जागाही नाहीत, तरीही तेथील मलय कुटुंबांची सरासरी चिनी कुटुंबांच्या मागेच राहिली आहे. खेडे व शहर यांच्या भेदाने सर्व अंतर उलगडत नाही, हे त्यावरून मान्य केलेच पाहिजे. पालकांचे शिक्षण व मालमत्ता पुढील पिढीकडे जाण्याची क्रिया शहरातही चालूच असते. तेथे अल्पसंख्य असणे हाही स्वतंत्र घटक धरावा लागतो.

मलेशियाच्या आकड्यांतून आणखी काही माणसे गळालेली आहेत. जागतिक बँकेच्या २०११ सालच्या अहवालानुसार सुमारे दहा लाख मलेशियन देशाबाहेर राहत होते. त्यांतील बहुसंख्य चिनी वंशाचे होते, आणि सर्वाधिक सिंगापुरात होते. कौटुंबिक उत्पन्नाची पाहणी घरोघर जाऊन होते. जे घर देशात उरलेच नाही तेथे पाहणी करणारा पोहोचत नाही. २०२० च्या शिरगणतीत नागरिकांमध्ये चिन्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के भरले. १९५७ साली मलायात ते ३७ टक्के होते. ही घट स्थलांतराइतकीच, किंबहुना अधिक, घटत्या जननप्रमाणाची आहे, आणि सबाह-सारावाकच्या समावेशाने गणनेचा पायाही बदललेला आहे. १.४ या गुणोत्तरात मोजले गेलेले चिनी म्हणजे जे देशात राहिले तेवढेच होत.