काटेरी जाळीत शिरणारा कुत्रा

नोव्हेंबरातली सकाळ. यॉर्कशायरमधल्या एका ओल्या रानाच्या कडेला पंधरा-वीस माणसं ओळीने उभी आहेत. हातात काठी, काठीला फडकं, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. कुणाकुणाच्या पायाशी लांब कानांचा एक कुत्रा बसलाय आणि सगळं अंग थरथरतंय त्याचं. समोरच्या जाळीत काय दडलंय ते त्याच्या नाकाला केव्हाच कळलेलं असतं. आता मालकाच्या एका शब्दाची वाट बघणं चाललेलं असतं.

हा स्पॅनियल. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर दिसणारा कॉकर याच घराण्यातला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे हा कुत्रा मुळात कोणत्या कामासाठी घडला हे आपल्याला बघायला मिळत नाही. ब्रिटनमध्ये तो अजून कामावर जातो. आपण तिथे राहत असाल आणि गावातल्या कुणी शिकारीच्या दिवशी मदतीला बोलावलं, किंवा घरातला कॉकर बागेत नाक खाली घालून वेड्यासारखा का फिरतो हा प्रश्न पडला असेल, तर हे काम पायरीपायरीने समजून घेऊ.

आधी शिकारीचा दिवस. याला तिथे ‘शूट’ म्हणतात. पक्षी मुख्यतः फेझंट: कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा. दर वर्षी काही कोटी फेझंट वाढवून रानात सोडले जातात, आणि त्यावर ब्रिटनमध्ये वादही आहे. इंग्लंडमध्ये फेझंटचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी. तित्तिराचा 1 सप्टेंबरपासून सुरू होतो.

बंदूकधाऱ्यांना तिथे नुसतं ‘गन’ म्हणतात. साधारण आठ जण आखून दिलेल्या जागी, नंबराच्या खुंटीपाशी उभे राहतात. रानाच्या दुसऱ्या टोकाकडून हाकारे पक्षी उठवत येतात. या एका हाक्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात, आणि दिवसात असे चार-पाच होतात. सगळ्याची सूत्रं गेमकीपरच्या, म्हणजे रानाच्या राखणदाराच्या हातात असतात. तो वर्षभर त्या पक्ष्यांमागे राबलेला असतो, त्यामुळे त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा.

यात स्पॅनियलचं काम दुहेरी. हाकाऱ्यांच्या ओळीत राहून, माणसाला शिरता येणार नाही अशा जाळीतून पक्षी उठवायचा. आणि बार झाल्यावर पडलेला पक्षी शोधून, तोंडात अलगद धरून आणून द्यायचा. पॉइंटर जातीचा कुत्रा पक्ष्याचा वास येताच पुतळ्यासारखा थांबून दिशा दाखवतो. स्पॅनियल थेट आत घुसतो.

त्याच्या दोन मुख्य जाती: स्प्रिंगर आणि कॉकर. पक्षी उसळवतो तो स्प्रिंगर. वुडकॉक या पक्ष्याच्या शिकारीवरून कॉकर. पूर्वी एकाच विणीतली जड पिल्लं स्प्रिंगर आणि हलकी कॉकर म्हणवली जात. ब्रिटनच्या केनेल क्लबने स्प्रिंगरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली ती 1902 मध्ये.

पहिली पायरी पिल्लू निवडण्याची, आणि पहिली चूकही इथेच होते. आज दोन्ही जातींत दोन वेगळ्या वंशरेषा आहेत: प्रदर्शनातली आणि कामाची. प्रदर्शनातला कॉकर भरघोस केसांचा, जड कानांचा. कामाचा कॉकर सडपातळ, कमी केसांचा, सतत पेटलेला. रूप बघून घेतलेलं पिल्लू दिवसभर काट्यात राबेलच असं नाही. उलट कामाच्या वंशातलं पिल्लू फक्त घरात ठेवायला घेतलं, तर रिकाम्या डोक्याने ते घर उसवून काढतं.

पिल्लाचे आईबाप आपण स्वतः काम करताना बघावेत. आनुवंशिक आजारांच्या तपासण्यांचे कागद मागावेत. स्प्रिंगरमध्ये फ्यूकोसिडोसिस नावाचा मज्जासंस्थेचा जीवघेणा आजार येऊ शकतो. दोन्ही पालक त्याचे वाहक असले तरच तो पिल्लात उतरतो. डीएनए चाचणीत ते आधीच कळतं. विकणारा कागद दाखवायला कां-कूं करू लागला, तर आपण परत फिरावं.

शेपटीचंही आधीच विचारून घ्यावं. काटेरी जाळीत सतत हलणाऱ्या शेपटीचं टोक फाटतं आणि ती जखम लवकर भरत नाही. म्हणून कामाच्या कुत्र्यांची शेपटी थोडी कापण्याची जुनी पद्धत आहे. इंग्लंडमध्ये 2007 पासून सरसकट शेपटी कापायला बंदी आहे. कामावर जाणार याचा पुरावा असेल तर, पिल्लू पाच दिवसांचं होण्याआधी, पशुवैद्यच ती कापू शकतो. स्कॉटलंडमध्ये बंदी पूर्ण होती; 2017 मध्ये तिथे स्पॅनियलला सूट मिळाली, पण तीही शेपटीच्या फार तर एक तृतीयांश भागापुरती.

पिल्लू घरी आलं की पहिले पाच-सहा महिने फारसं शिकवायचं नसतं. नाव, हाक, जागेवर बसणं, माणसांत नि मोटारीत रुळणं एवढं पुरे. तोंडात मोजा किंवा चप्पल घेऊन आलं तर ओरडू नये, मागे धावू नये. आपण उलट्या दिशेला पळावं, म्हणजे ते आपल्यामागे येतं आणि वस्तू हातात देतं. इथे चिडलेला मालक पुढे दोन वर्षांनी तक्रार करतो की कुत्रा पक्षी आणून देत नाही, चार हातांवर घेऊन उभा राहतो. रस्सीखेचही खेळू नये. ओढाओढीने तोंड घट्ट होतं, आणि दातांनी चिरडलेला पक्षी खाण्याच्या कामाचा राहत नाही.

मग शिट्टी. एक लांब फुंक म्हणजे असशील तिथे बस. दोन आखूड म्हणजे वळ. भराभर चार-पाच आखूड म्हणजे माझ्याकडे ये. बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कंपनीच्या शिट्ट्यांवर नंबर असतो, तो स्वराचा. स्पॅनियलवाले बहुतेक 210½ नंबर वापरतात. शिट्टी हरवली तर त्याच नंबराची दुसरी आणली की कुत्र्याला फरक कळत नाही. तोंडाने वाजवलेली शीळ मात्र थंडीत ओठ बधिर झाले की बदलते.

या तिन्हींतली लांब फुंक सर्वांत महत्त्वाची, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचा प्राण तिथेच आहे. वेग, नाक, काट्यात शिरायची हिंमत हे पिल्लू आईच्या पोटातून घेऊन येतं. आपण ते देऊ शकत नाही. आपण देतो तो लगाम. बसणं आधी पायाशी, मग दहा पावलांवर, मग पळतापळता, मग समोरून चेंडू गेला तरी, या क्रमाने पक्कं करायचं. रोज पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

पुढची पायरी नांगरटीसारखं रान विंचरण्याची. कुत्र्याने आपल्यासमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत पुढे सरकायचं, एकही झुडूप न सोडता. अंतर का महत्त्वाचं ते बघा. छऱ्याच्या बंदुकीचा मारा साधारण 40 वारांपर्यंतच नीट लागतो. कुत्रा 30 वार पुढे असताना पक्षी उडाला, तर बंदूक खांद्याला लागेपर्यंत तो टप्प्याबाहेर गेलेला असतो. म्हणून वीसेक वारांच्या आतच त्याला फिरवायचं. सुरुवातीला आपणही नागमोडी चालावं. तो आपल्या खांद्याकडे बघून वळायला शिकतो.

वाऱ्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. वारा तोंडावर असेल तर कुत्रा आपोआप सरळ पट्ट्यांत फिरतो, कारण वास समोरून येतो. वारा पाठीवर असेल तर तो आधी लांब पुढे जातो आणि आपल्याकडे तोंड करून वास घेत मागे येतो. हे त्याचं शहाणपण आहे. मालकाला वाटतं कुत्रा हाताबाहेर गेला, आणि तो शिट्ट्या फुंकत सुटतो. म्हणून शिकवताना पहिले काही महिने तोंडावरचा वाराच निवडावा.

आणून देण्याचा सराव कॅनव्हासच्या गुंडाळीवर होतो. तिला ‘डमी’ म्हणतात. गंमत वाटते म्हणून लोक दिवसाला वीस-तीस वेळा ती फेकतात. असं केलं की काही पडलं रे पडलं की कुत्रा धावतो, हुकमाची वाट बघत नाही. फेकलेल्या डमींपैकी निम्म्याहून जास्त आपण स्वतः चालत जाऊन उचलाव्यात आणि त्याने बसून बघावं. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

बंदुकीचा आवाज सवकाश. पिल्लू कशात तरी रमलेलं असताना, मदतनिसाने शे-दोनशे वारांवरून एक बार काढावा. मग अनेक दिवसांत हळूहळू जवळ यावं. ‘बघू घाबरतो का’ म्हणून पिल्लाला शिकारीच्या रांगेत नेऊन उभं करणाऱ्यांनी कितीतरी चांगले कुत्रे कायमचे वाया घालवले आहेत. आवाजाला एकदा बसलेली धास्ती निघणं फार कठीण.

आता सगळ्यांत अवघड भाग. पक्षी नाकासमोरून फडफडत उडाला, बार झाला, आणि कुत्रा तिथल्या तिथे बसला पाहिजे. ज्या पक्ष्यासाठी त्याने काटे अंगावर घेतले तोच जाताना बघत बसायचं! त्याच्या रक्तातली प्रत्येक गोष्ट ‘धाव’ म्हणत असते. न सांगता धावला की त्याला ‘रनिंग इन’ म्हणतात. धावणारा कुत्रा पुढचे दहा पक्षी उठवतो, आणि खाली उडणाऱ्या पक्ष्यामागे उडी मारली तर स्वतः छऱ्यांच्या वाटेत येतो. त्याच्या जिवाचाच प्रश्न आहे हा. आधी चेंडू, मग कुंपणातले ससे, मग एखादा उठलेला पक्षी अशी पायरी चढवावी, आणि चुकला की एक पायरी खाली यावं.

इतकं झाल्यावरही पहिला हंगाम घाईने सुरू करू नये. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला भर हाक्यात नेऊ नये, असं मी कुणालाही सांगेन. माझ्या कॉकर कुत्रीला मी एका वर्षाची असतानाच नेलं होतं. घरी ती शिट्टीला घड्याळासारखी बसायची. तिथे डावीकडे चार कुत्रे, उजवीकडे आरडाओरडा, डोक्यावर पन्नास फेझंट. दुपारपर्यंत तिच्या कानात शिट्टी शिरेनाशी झाली. ती एक दुपार भरून काढायला मला पुढचा अख्खा उन्हाळा लागला.

पहिल्या दिवशी फक्त दोन हाके करावेत. एका हाक्यात तर दोरीवरच ठेवावा. रांगेत आपल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या रेषेत चालायचं. कुत्रा पुढे निसटला तर सगळे पक्षी एकदम उठतात. दुनळी बंदुकीत दोनच काडतुसं, त्यामुळे बाकीचे वरून निघून जातात आणि राखणदाराची मेहनत अर्ध्या मिनिटात संपते. त्याला पक्षी थोडेथोडे उठायला हवे असतात. रान जिथे संपतं तिथे पक्षी दाटीने साचलेले असतात. तिथे ‘थांबा’ अशी हाक आली की कुत्रा पायाशी घ्यावा. जाळीत जाताना गळ्यातला पट्टा काढून ठेवतात, नाहीतर फांदीत अडकून गळफास बसतो.

शिंग वाजलं की हाका संपला, त्यानंतर बार नाही. आता पडलेले पक्षी उचलायचे. डोळ्यांसमोर मरून पडलेला पक्षी माणूसही उचलेल. खरी गरज असते ती पंखाला छरा लागून पळालेल्या पक्ष्यासाठी. तो खाली पडून शे-दोनशे वार पळतो आणि एखाद्या खड्ड्यात दडतो. स्पॅनियल पडल्या जागेपासून त्याच्या पावलांचा वास धरून जातो आणि त्याला घेऊन येतो, मग माणूस त्याला लगेच वेदनेतून सोडवतो. शिकारीबद्दल आपलं मत काहीही असो, जखमी पक्षी रात्रभर रानात तडफडत राहू नये हे तर सर्वांनाच पटेल. ज्या शूटवर या कामाला पुरेसे कुत्रे नाहीत, तिथे मी जात नाही.

दिवसभर अन्न-पाण्याकडे लक्ष हवं. सकाळी पोटभर जेवण नको, भरल्या पोटी धावणं धोक्याचं. मधे थोडा खाऊ, भरपूर पाणी. थकलेला स्पॅनियल आपणहून थांबत नाही. दुपारच्या हाक्यात तो अडखळायला लागला की आपणच त्याला गाडीत बसवावं.

संध्याकाळी राखणदार प्रत्येक हाकाऱ्याच्या हातावर दिवसाचे थोडे पैसे आणि बहुतेक वेळा फेझंटची एक जोडी ठेवतो. आपली मात्र अजून अर्ध्या तासाची कामं उरलेली असतात. कुत्रा टॉवेलने कोरडा करावा. बोटांच्या बेचक्या, काखा, पापण्या, कानांच्या आतली बाजू चाचपून बघावी. गवताची कुसळं कातडीत शिरली की आत सरकत जातात आणि गळू होतं. गोचीड, काटे, तारेचे ओरखडे उजेडात बघावेत. दाट केसांखालचं रक्त अंधारात दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटी बुंध्यापाशी थोडी आडवी आणि पुढे मेल्यासारखी लोंबताना दिसली, तर घाबरू नये. थंड पाण्यात भिजून आणि दिवसभर हलून तिचे स्नायू दुखावलेले असतात. पशुवैद्याला दाखवावं, बहुतेक वेळा काही दिवसांच्या विश्रांतीने ती बरी होते. तोवर पुढच्या शनिवारचं बोलावणं आलं तर फोन करून ‘या वेळी आम्ही नाही’ असं कळवून टाकावं.