विहिरींचा हक्क आणि तेलाचा शोध : ब्रह्मदेशातील खनिज तेलाच्या इतिहासाचे एक प्रकरण

मराठी वाचकास ब्रह्मदेशाची ओळख मुख्यतः दोन वास्तूंमुळे आहे. एक मंडालेचा तुरुंग, जेथे लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे काढली. दुसरी रत्नागिरीचा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा ह्याचे १९१६ मध्ये रत्नागिरीसच निधन झाले. त्याचे राज्य १८८६ च्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानास जोडले गेले आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बर्मा ऑइल कंपनीची स्थापना झाली. हा योग केवळ कालगणनेचा नव्हे. राजा गेला तेव्हा इरावतीकाठच्या तेलविहिरींवरील राजसत्तेचा अधिकारही गेला, आणि त्या विहिरी कोणाच्या, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

तेलउद्योगाच्या इतिहासात येनानजाउंग ह्या ब्रह्मी तेलक्षेत्राच्या शोधाचे वर्ष सामान्यतः १८८७ असे दिले जाते. परंतु त्यापूर्वी नव्वद वर्षे, १७९७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील कॅप्टन हायरम कॉक्स ह्याने त्याच परिसरात पाचशेहून अधिक विहिरींची नोंद केली होती. तेव्हा १८८७ मध्ये ‘शोध’ कशाचा लागला, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. ब्रह्मदेशाच्या बाबतीत तेल कोठे आहे हा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला होता. न सुटलेला प्रश्न होता तो ते कोणाचे, हा. तेलाच्या व्यवहारातील ब्रह्मी शब्द ह्या दुसऱ्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात.

१. नावाची साक्ष

‘येनानजाउंग’ हे ग्रामनाम तीन शब्दांचे बनलेले आहे. ‘ये’ म्हणजे पाणी, ‘नान’ म्हणजे वास येणे आणि ‘च्याउंग’ म्हणजे ओढा. समासात ‘च्याउंग’मधील आद्य अघोष व्यंजन घोष होऊन ‘जाउंग’ असे रूप होते. पहिल्या दोन शब्दांचा ‘येनान’, म्हणजे ‘वासाचे पाणी’, हा समास ब्रह्मी भाषेत खनिज तेलाचा रूढ शब्द आहे. ग्रामनामाचा अर्थ, अर्थातच, ‘तेलाचा ओढा’. जेथे तेल आपोआप पाझरून ओढ्याच्या पाण्यावर तरंगत असेल तेथेच असे नाव पडू शकते. म्हणजे ह्या स्थळाचा पहिला भूवैज्ञानिक अहवाल त्याच्या नावातच नोंदलेला आहे.

हे तेल दिव्यांत जाळले जाई, नावांच्या फटी बुजविण्यास व लाकूड वाळवीपासून राखण्यास वापरले जाई, आणि ताडपत्रांच्या पोथ्या टिकाव्यात म्हणून त्यांवरही चोळले जाई. हिंदुस्थानात त्याची ख्याती पूर्वीपासून होती. हेन्री यूल ह्याने ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या आपल्या १८८६ च्या कोशात ‘अर्थ-ऑइल’ हा शब्द देशी भाषांतील शब्दाचे शब्दशः भाषांतर असल्याचे म्हटले आहे. हिंदीतील ‘मिट्टी का तेल’ हा प्रयोग त्याची साक्ष देतो. मराठीने मात्र मातीऐवजी खडक स्वीकारला. ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑइल’चेच मराठी रूप मानले जाते.

२. ‘विहीर खाणारे’

येनानजाउंगच्या विहिरी परंपरेने चोवीस घराण्यांकडे होत्या. ह्या वंशपरंपरागत धारकांस ‘त्विनझा’ म्हणत. ‘त्विन’ म्हणजे विहीर अथवा खड्डा, आणि ‘सा’ म्हणजे खाणे. येथेही समासात घोषीभवन होऊन ‘झा’ झाले आहे. त्विनझा म्हणजे शब्दशः ‘विहीर खाणारा’. हा प्रयोग एकाकी नाही. राजाने ज्यास एखाद्या नगराचे उत्पन्न तोडून दिले असेल तो ‘म्योझा’, म्हणजे ‘नगर खाणारा’. संस्कृत ‘भुज्’ धातूतही खाणे आणि उपभोगणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पाली वाङ्मयातील गावाचा मुख्य ‘गामभोजक’ असतो. आपल्याकडेही वतन ‘खाण्या’चा वाक्प्रचार अपरिचित नाही.

ह्या शब्दातून हक्काचे स्वरूप नेमके कळते. ज्यास विहीर ‘खाण्याचा’ हक्क आहे त्यास तिचे उत्पन्न मिळते. पण हक्क घराण्याचा असल्यामुळे ती परक्यास विकून टाकण्याची मुभा त्यात गृहीत नसते. आधुनिक अर्थाची मालकी ती ही नव्हे. त्विनझांचा हक्क वतनाच्या जातीचा होता आणि त्यावर राजाचा वाटा बसत असे. राजा मिंडोन ह्याने १८५० नंतरच्या दशकात तेलाच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे घेतला. त्या काळी दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला होता आणि रंगूनमार्गे इंग्लंडला पोहोचणाऱ्या तेलापासून मेणबत्त्या बनू लागल्या होत्या. उरलेल्या राज्यास पैसा हवा होता. तरीही विहिरी खणणारे व त्या ‘खाणारे’ त्विनझाच राहिले.

३. हातविहिरीचे तंत्र

ही विहीर चौकोनी असे व तिच्या बाजू लाकडाने बांधून काढीत. तोंडावर आडवी तुळई व तीवर रहाट. दोर धरून माणसे उतारावरून खाली चालत जात आणि त्या ओढीने तेलाचे भांडे वर येई. काही विहिरी अडीचशे फुटांहून खोल गेल्या होत्या. खणणाऱ्याचा खरा शत्रू खोली नसून वायू होता. विहिरीत ज्वालाग्राही वायू साचल्यामुळे दिवा नेता येत नसे, आणि त्याच वायूने जीव गुदमरत असल्यामुळे काही मिनिटांपलीकडे खाली राहता येत नसे. ही थोडी मिनिटे काळोखास सरावण्यात वाया जाऊ नयेत म्हणून उतरण्यापूर्वीच माणसाचे डोळे बांधून ठेवीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रिट्झ नोएटलिंग ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ह्या पद्धतीचे बारकाईने वर्णन केले. त्याच सुमारास त्विनझांनी समुद्रात बुडी मारणाऱ्यांचे शिरस्त्राण व हवेचा पंप आपल्या विहिरींसाठी स्वीकारला. रूढीला चिकटून बसलेला अडाणी वर्ग असे त्यांचे चित्र रंगविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

४. भूविज्ञानाचे योगदान

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी तेलाची जागा दाखविली नाही. ते तेथेच का आहे, हे सांगितले. १८५५ मध्ये आर्थर फेअरच्या शिष्टमंडळाबरोबर यूल गेला, त्याच वेळी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम हेही येनानजाउंगास गेले. पुढे एडविन पॅस्को ह्यांनी १९१२ मध्ये ब्रह्मदेशाच्या तेलक्षेत्रांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या कार्यातून जे चित्र स्पष्ट झाले ते थोडक्यात असे. पश्चिमेस आराकान योमा व पूर्वेस शानचे पठार ह्यांच्या मधल्या खोलगट प्रदेशात तृतीयक कालखंडात वाळू व चिखल ह्यांचे फार जाड थर साचले. ह्या थरांना पुढे उत्तर-दक्षिण घड्या पडल्या. सच्छिद्र वालुकाश्मातील तेल पाण्याहून हलके असल्यामुळे वर सरकत घडीच्या कमानीत पोहोचते आणि वरच्या अपार्य चिकणखडकाखाली अडकून पडते. येनानजाउंग अशाच एका कमानीवर वसले आहे. कमानीचा माथा झिजल्यामुळे काही तेल पृष्ठभागावर पाझरते, आणि त्याच पाझराने गावास नाव दिले.

ह्या ज्ञानाचा लाभ दोन प्रकारचा होता. एक, अशाच कमानी अन्यत्र शोधता आल्या. १९०२ पासून चाउक येथील सिंगू क्षेत्र उत्पादन देऊ लागले, आणि समोरच्या लान्यवा येथे तर नदीच्या पात्राचा भाग बांध घालून कोरडा करण्यात आला व तेथे विहिरी खोदल्या गेल्या. दुसरा, हाताने जेथपर्यंत पोहोचता येत नव्हते अशा खोल थरांत तेल असल्याचे अनुमान बांधता आले. १८८७ च्या ‘शोधा’चा अर्थ येथे उलगडतो. तो शोध क्षेत्राचा नव्हता, खोलीचा होता. अमेरिकेतून आणलेल्या कारागिरांनी यंत्राने भोक पाडले आणि जुन्या विहिरींच्या खालचे थर गाठले.

५. हक्काचे रूपांतर

जुना हक्क आणि नवी खोली ह्यांचा संघर्ष अटळ होता. इंग्रज सरकारने त्विनझांचा हक्क नाकारला नाही. त्विंगोन व बेमे ही दोन राखीव क्षेत्रे त्यांच्यासाठी ठेवली आणि भोवतालची जमीन बर्मा ऑइल कंपनीस पट्ट्याने दिली. वरवर पाहता ही तडजोड न्याय्य वाटते. परंतु राखीव क्षेत्राची सीमा जमिनीवर आखलेली होती, आणि तेल जमिनीखाली सीमा जाणत नाही. शेजारची खोल विहीर त्याच थरातील दाब कमी करते आणि तेल तिच्याकडे वाहू लागते. जो अधिक वेगाने उपसतो त्याच्या पदरात अधिक पडते.

त्याहूनही मोठा बदल कायद्याच्या भाषेत झाला. ‘खाण्याचा’ हक्क आता ठरावीक मापाच्या विहीरजागांत मोजला गेला, आणि मोजता येणारी वस्तू विकताही येते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या इंडो-बर्मा पेट्रोलियमसारख्या नव्या कंपन्या क्षेत्रात उतरल्या, जागांचे भाव चढले, आणि राखीव क्षेत्रात मनोऱ्यांची दाटी झाली. अनेक त्विनझांनी जागा विकल्या अथवा भाड्याने दिल्या. काहींना त्यातून संपत्ती मिळाली. पण विहिरीशी असलेले घराण्याचे नाते संपले. हक्क हिरावून न घेताही तो संपविता येतो, ह्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

१९०८ च्या सुमारास येनानजाउंगपासून रंगूनजवळच्या सिरियम शुद्धीकरण कारखान्यापर्यंत सुमारे पावणेतीनशे मैलांची नळवाहिनी टाकण्यात आली. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत असल्यामुळे तेथील रॉकेल आपल्या बाजारात देशी माल म्हणून येई. ह्याच व्यवसायातील भांडवलावर बर्मा ऑइलने इराणमधील तेलशोधास आधार दिला. १९०८ मध्ये तेथे तेल लागले आणि पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली. इरावतीकाठच्या तेलाने पश्चिम आशियातील तेलयुगाचा पाया घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

६. मजूर, युद्ध आणि राष्ट्र

हक्काचा प्रश्न पुढे मजुरांनी उचलला. १९३८ मध्ये तेलक्षेत्रातील कामगारांनी संप केला आणि वर्षाअखेरीस ते थाकिन फो ला जी ह्यांच्या नेतृत्वाखाली पायी रंगूनला निघाले. ब्रह्मी पंचांगानुसार ते १३०० वे वर्ष असल्यामुळे ही चळवळ ‘तेराशेची क्रांती’ म्हणून प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी तीत उडी घेतली आणि कामगारांचे गाऱ्हाणे स्वातंत्र्याच्या मागणीत मिसळले.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी सैन्य जवळ येताच जनरल स्लिम ह्यांच्या आज्ञेने येनानजाउंगची विहीरयंत्रे व टाक्या उद्ध्वस्त करण्यात आल्या. सिरियमचा कारखाना मार्चमध्येच जाळला गेला होता. ह्या नाशाची भरपाई ब्रिटिश सरकारने द्यावी म्हणून बर्मा ऑइलने दावा लावला. १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १९६५ मध्ये पार्लमेंटने पूर्वलक्षी प्रभावाचा कायदा करून तो निष्फळ केला. ज्या कंपनीने कायद्याच्या आधारे विहिरी मिळविल्या, तिचा हक्कही अखेर कायद्यानेच बुडविला. त्यापूर्वी १९६३ मध्ये ब्रह्मी सरकारने उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले होते.

राष्ट्रीयीकरणानंतर १९७० मध्ये मिन्बूजवळ मान हे महत्त्वाचे क्षेत्र सापडले. १९८९ पासून परदेशी कंपन्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले. भूप्रदेशावरील यश मर्यादित राहिले आणि १९९८ पासून समुद्रातील याडाना क्षेत्राच्या वायूने तेलाचे महत्त्व मागे टाकले. मात्र एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मागवे विभागात हजारो लोक साध्या तिकाट्या उभारून, लहान यंत्रांनी वा हातांनी, पुन्हा तेल काढू लागले. त्यांपैकी बहुतेकांजवळ परवाना नव्हता आणि राज्याच्या दृष्टीने ते बेकायदा होते.

ह्या सर्व इतिहासात एकाच जागेसाठी वेगवेगळे शब्द वापरले गेले : प्रथम ‘खाणे’, मग ‘मक्ता’, ‘राखीव क्षेत्र’, ‘पट्टा’ आणि शेवटी ‘राष्ट्रीय संपत्ती’. जमिनीखालचे तेल ह्यांपैकी कोणत्याही शब्दाने बदलले नाही. बदलला तो त्याचा लाभ घेणारा. म्हणून तेलशोधाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने खडकांच्या थरांबरोबर शब्दांचे थरही उकलावेत. ‘शोध’ हा शब्द जेथे येतो तेथे तो कोणाच्या दृष्टीने शोध होता, हे प्रथम विचारावे.