उन्हाचा वाटा

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. दोन्ही शहरांच्या मधे महामार्गावर वसलेल्या नशिराबादलाही तोच आकडा लागू. पण हे तापमान मोजतात सावलीत. हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत जाणाऱ्या मजुराच्या डोक्यावरचं ऊन त्या आकड्यात नसतं.

घरात शिरल्यावरही प्रत्येकाच्या वाट्याला वेगळंच ऊन येतं. खानदेशातलं जुनं धाब्याचं घर बघा. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यांच्यावर मातीचा भरगच्च थर. माती ऊन शोषते, पण आत पोचवायला तासन् तास लावते. दुपारची उष्णता खाली उतरेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असतात! पुढे लाकूड महागलं, पावसाळ्याआधी वर माती टाकायला माणसं मिळेनात. ऐपत होती त्यांनी स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो काही मिनिटांत तापतो आणि सगळी धग खालच्या माणसांवर ओततो.

शरीराकडे यावर एक विलक्षण उपाय आहे, घाम. एक लिटर घाम अंगावर वाळताना जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्यात सातेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. कूलर याच तत्त्वावर चालतो. इथली हवा कोरडी, म्हणून खानदेशात तो झकास गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत नुसताच घरघरतो. पण घामाला प्यायचं पाणी लागतं, कूलरला पाणी आणि वीज दोन्ही लागतात. ज्या घरी हंड्या-कळशांचा हिशेब चालतो, तिथे कूलरच्या टाकीत कोण बादल्या ओतणार?

ज्याला जमतं तो एसी बसवतो. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता बाहेर गल्लीत नेऊन टाकतो, वर स्वतःचीही थोडी घालतो. त्याला लागणारी वीज बरीचशी कोळशाची; भुसावळजवळच्या दीपनगरला ती तयार होते. कोळशाच्या धुरातला कार्बन वातावरणात साठतो आणि पुढचे उन्हाळे आणखी तापवतो. जगातले सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक एकूण कार्बन उत्सर्जनाच्या जवळपास निम्म्याला जबाबदार आहेत. म्हणजे विषमता फक्त उन्हाची झळ वाटत नाही, ते ऊन वाढवतेही.

आता यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट. जळगावच्या केळीला उन्हाचा विमा आहे! हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र रोज तापमान नोंदवतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापमान सलग ठरावीक दिवस राहिलं, की भरपाई लागू होते. बागेत येऊन पंचनामा करायची गरज नाही, यंत्राची नोंद पुरते. हे योग्यच आहे, उन्हानं बाग होरपळली तर शेतकरी उभा कसा राहील? पण तोच घड उचलणाऱ्या मजुरानं त्या दिवशी काम टाळलं, तर त्याची मजुरी बुडते. तिची भरपाई कुठल्याच नोंदीत बसत नाही.

ती बसवता येते. असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना गुजरातेतली. तिनं 2023 साली आपल्या सभासदांसाठी असाच विमा सुरू केला. पारा ठरलेल्या अंशापलीकडे गेला, की बुडालेल्या कमाईपोटी पैसे थेट खात्यात. मिठागरात राबणाऱ्या, फेरीवाल्या, शेतमजूर बायका त्यात आल्या.

तापमापक तोच, हिशेबाची रीत तीच. नशिराबादच्या पट्ट्यात ती यंत्रं केळीसाठी आधीच उभी आहेत. मजुरासाठी नवं काही शोधून काढायचं नाही, फक्त त्याच आकड्यावर त्याचाही हक्क मानायचा आहे.