पोट उघडण्यापूर्वी

सचिनच्या कारखान्यांत राबणाऱ्या एखाद्या खानदेशी कुटुंबात स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, की १९४१ साली स्थापन झालेले मुंबईचे टाटा रुग्णालय आठवते. आणि प्रश्न एकच असतो : गाठ केव्हा काढणार? ही घाई स्वाभाविक खरी, पण नेहमीच हिताची नव्हे. सी. टी. चित्रात गाठ व लगतच्या रक्तवाहिन्या दिसतात. यकृताच्या पृष्ठभागावर वा उदराच्या अस्तरावर विखुरलेले मोहरीएवढे कण मात्र निसटू शकतात. रक्तातील 'सीए १९-९' फार वाढले, तर संशय बळावतो. (अर्थात, काविळीनेही ते वाढते!) अशा वेळी शल्यविशारद बेंबीजवळच्या लहानशा छेदातून दुर्बीण घालून आत पाहतात, संशयित कण काढून तपासावयास देतात. प्रसार आढळलाच, तर मोठी शस्त्रक्रिया टळते. जखम भरण्यात जाणारे आठवडे औषधोपचाराला मिळतात.