मोटारीचे निदान : लेखांक सातवा — फिर्याद दिव्याची, तपास वायरीचा

पावसाळ्यात औंढा नागनाथच्या शिवारातील काळ्या मातीच्या पांदणीतून एखादी मोटार बाहेर पडून जिंतूरच्या वा हिंगोलीच्या डांबरी रस्त्याला लागते, तेव्हा चाकाच्या कमानीत बसलेला चिखल वाळून इतका कठीण होतो की तो खरवडल्यावाचून आतली सेन्सरची बारीक वायर दृष्टीसही पडत नाही. आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा पेटून राहण्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ नेमके तेथेच असते.

हा दिवा लुकलुकत असेल तर चाक घसरू लागले असून यंत्रणा ते आवरीत आहे, एवढाच अर्थ घ्यावा. तो स्थिर राहिला व जोडीस एबीएसचाही लागला, म्हणजे मात्र तपासास आरंभ करावा. दोन्ही यंत्रणा चार चाकांच्या वेगाची वार्ता त्याच चार सेन्सरांकडून घेतात. एक चाक इतरांहून भरधाव फिरले की त्यास ब्रेक लावणे आणि इंजिनाची ताकद उतरवणे हे ट्रॅक्शन कंट्रोलचे कर्तव्य, पण वार्ताच अविश्वसनीय ठरली तर ते स्वतः निवृत्त होते.

स्कॅनर लावल्यावर सी००३५ हा संकेत पुढच्या डाव्या चाकाकडे, सी००४० पुढच्या उजव्याकडे बोट दाखवतो. सी१ ने आरंभ होणारे संकेत मात्र ज्या त्या कंपनीचे असल्याने त्यांचा अर्थ तिच्याच पुस्तिकेत पाहावा. संकेत वाचताच नवा सेन्सर मागवण्याची गॅरेजांतील रूढी मला सर्वथा अमान्य आहे. संकेत ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. तिच्यात विद्युत्‌मंडलाचे नाव असते, अपराधी भागाचे नसते.

म्हणून प्रथम समक्ष पाहणी करावी. मोटार जॅकवर घेऊन स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे व वायर कोठे ताणते ते पाहावे. वरचे आवरण शाबूत असूनही आतली तार तुटलेली असते. कपलर उघडून पितळेवर हिरवा गंज चढला आहे काय, हे पाहावे. नंतर सरळ रस्त्यावर ताशी वीस-तीस किलोमीटर वेगाने चालवीत स्कॅनरवर चारही चाकांचे वेग ताडून घ्यावे. तीन आकडे जुळत असता चौथा मधूनच शून्यावर येत असेल, तर शोधाची दिशा निश्चित झाली. नव्या धाटणीच्या सेन्सरवर मल्टिमीटरने ओहम मोजू नये. तो मंडलात सात व चौदा मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर प्रवाह बदलून बोलतो, त्यामुळे त्याच्या रोधाच्या आकड्यावरून निवाडा करता येत नाही.

नुकतेच बेअरिंग बदलले असेल, तर त्याची दिशा अवश्य तपासावी. अनेक बेअरिंगांच्या एकाच अंगास चुंबकीय पट्टी असते. पातळ टाचणी ज्या बाजूस चिकटेल ती सेन्सरसमोर हवी, उलट बसवल्यास उत्तम सेन्सरही मुका राहतो.

सोबत पी-वर्गाचा संकेत असेल, तर आधी इंजिनाचा बिघाड काढावा, कारण तो नोंदला जाताच अनेक मोटारींत ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप बंद होते. चाके निर्दोष असूनही स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर कधी हाच दिवा पेटवतो. त्याचा विचार पुढील आठवड्यात करू.