काळे कांबळे, तांबडी बनात

पोर्तुगिजांनी डिचोली घेतली १७८१ साली, पेडणे १७८८ साली. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि डिचोलीजवळच्या नार्व्यात सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करवला तो १६६८ साली. गोव्यातल्या शिगम्याच्या मिरवणुकांत चित्ररथांवर हाच काळ पुनःपुन्हा उभा राहतो. बाजारात साटीन आणि मखमल सहज मिळते, म्हणून मावळ्यापासून सरदारापर्यंत सगळेच चकाकतात. ही चकाकी घालवायची तर पोशाख करणाऱ्याने लोकरीकडे वळावे, असे मला मनापासून वाटते. पण मोजक्याच जागी. गोव्याच्या दमट हवेत अंगाला लागतो तो सुती कपडाच. धोतर, बाराबंदी, मुंडासे सगळे सुती हवे. लोकरीला मान दोन ठिकाणी: कष्टकऱ्याच्या खांद्यावरचे कांबळे आणि दरबारी थाटातली बनात.

कांबळे मूळचे घाटावरचे. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरांनी कातरलेली, सणगरांनी खड्डामागावर विणलेली. ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात, म्हणून नवे घोंगडे हाताला ताठ लागते. त्याला रंग द्यावा लागत नाही; मेंढीचा रंग तोच घोंगड्याचा. लांबून ते काळे दिसते, पण उजेडात धरून पाहावे: एकाच धाग्यात काळे, तपकिरी, करडे केस पिळलेले असतात, आणि उन्हात राहिलेल्या केसांची टोके तांबूस पडलेली असतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, सर्वांत गर्द. गिरणीतल्या रंगवलेल्या काळ्या कापडाला ही खोली कधीच येत नाही, आणि पावसात डोक्यावरून खोळ घेतलेला शेतकरी त्या कापडात खरा वाटत नाही. दशावतारातला संकासुर वेगळा. त्याचा काळा सपाटच हवा, कारण तो माणसाचा वेश नव्हे.

बनात म्हणजे जाड लोकरी कापड; ती समुद्रावरून आली. युरोपातल्या तांबड्या लोकरी कापडाचा तोरा मोठा होता. १४९८ साली वास्को द गामाने कालिकतच्या सामुतिरीसाठी काढलेल्या भेटीतही चार लाल टोप होते, आणि ती भेट पाहून दरबारातली माणसे हसली. पुढे इंग्रज कंपनीलाही आपले जाड लोकरी कापड या उष्ण देशात अंगावर घालायला फारसे खपवता आले नाही. हत्तीच्या झुलीवर, पालखीच्या आच्छादनावर, घोड्याच्या खोगिरावर मात्र ते शोभले. पोशाखातही तिचे स्थान तेच ठेवावे: म्यान, खोगीर, झूल.

बनातीचा गुण तिच्या घडणीत आहे. विणून झाल्यावर कापड ओले करून कुटतात. तंतू एकमेकांत इतके गुंततात की वीण दिसेनाशी होते. मग वर आलेली लव कातरून सारखी करतात. म्हणून कात्रीने कापलेली कड उसवत नाही. नक्षीदार कंगोरे कापून ते न दुमडता तसेच टाचता येतात. साटिनाला हे जमत नाही.

रंग निवडताना साल विचारावे. लोकर रंग चटकन पिते. लाखेचा किरमिजी, तुरटी लावून मंजिष्ठेचा विटकरी, निळीचा गडद निळा, हिरडा आणि लोखंडाचा काळा, हे सगळे जुने आणि निर्धास्त. झगझगीत तांबडा सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या रंगाऱ्यांना साधला, मेक्सिकोहून आलेल्या किड्याच्या रंगाला कथलाची जोड देऊन. १६६८ च्या देखाव्यात तो चालतो. झळाळता जांभळा मात्र नको. कृत्रिम रंगांचा आरंभच पर्किनच्या जांभळ्याने झाला, १८५६ साली. सत्तरीतल्या दीपाजी राण्यांचे बंड १८५२ चे, म्हणजे त्यांच्यासाठीसुद्धा तो रंग चार वर्षे उशिराचा.

दुकानात लोकर म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारले जाते. कडेचा एक धागा काढून जाळावा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर परत द्यावे. घरी आणल्यावर कसर लागते, म्हणून पावसाळ्याआधी ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवावे.

बनातीची खरी कसोटी घोडेमोडणीत लागते. राण्यांच्या पराक्रमाची आठवण सांगणारे हे नृत्य डिचोली, पेडणे आणि सत्तरीत शिगम्याला होते: कमरेला बांधलेला घोडा, हातात तलवार, पायांत घुंगरू, ढोलताशांचा ठेका. नाचणाऱ्याला उड्या घ्यायच्या असतात आणि संपूर्ण झूल बनातीची केली तर तिच्या वजनाने त्याची कंबर मोडेल. अंग सुती ठेवावे, आणि खालच्या कडेला चार बोटे रुंद तांबड्या बनातीची पट्टी कंगोरे कापून लावावी. तेवढ्याने झूल जड पडून नीट खाली लोंबते, घोडा फिरला की भोवती फिरते, आणि दुपारच्या उन्हातही तो तांबडा डोळ्यांना टोचत नाही.